दुसऱ्यांदा गावात जायला शिकवा

प्रति,
जनसंवाद, पत्रकारिता आणि जनसंपर्क हे विषय शिकवणाऱ्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,
कोल्हापूर

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात संवाद अधिकाऱ्याच्या एका जागेसाठी मुलाखती झाल्या. आलेली मुलं-मुली हुशार होती. कुणी मोबाइलवर तिथल्या तिथं चित्रफीत कापून दाखवली, कुणी मथळे सुरेख लिहिले. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. समजा, प्रकल्पाबद्दल गावात बैठक झाली, लोकांनी वीस प्रश्न विचारले, तुम्ही ते लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय कराल?

बहुतेकांनी सांगितलं, बातमी काढू. काहींनी सांगितलं, फोटो टाकू. एक मुलगी थोडा विचार करून म्हणाली, "अहवाल वरिष्ठांना देईन." त्या वीस प्रश्नांची उत्तरं घेऊन गावात परत जाईन, असं कुणीही म्हणालं नाही.

यात त्या मुलांचा दोष नाही. या क्षेत्रात मला २२ वर्षं झाली आणि मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. मी ते शिकले तेव्हा त्याची किंमत दुसऱ्याच बाईनं मोजली होती. त्या बाईची हकीकत आधी सांगते, मग माझं मागणं मांडते.

शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनचं काम यायचं होतं आणि लोकांशी बोलायचं काम माझ्याकडं होतं. समाजमंदिरात बैठक लावली. पुरुष खुर्च्यांवर, बायका दाराजवळ सतरंजीवर. वेळ संध्याकाळची होती, त्यामुळं डेअरीला दूध घालून एक आजी किटली हातात घेऊनच आल्या होत्या. तासभर सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, दोन तरुण तावातावानं बोलले. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आजींनी विचारलं, "पाइप माझ्या हिरीच्या अंगानं जाणार हाय काय? जाणार आसंल तर आदी सांगा बाई. उन्हाळ्यात हिरीची दगडं ढासळत्यात."

मी लिहून घेतलं, गट नंबरसुद्धा विचारला. "कळवते आजी," असं म्हटलं. माझा चौदा पानी अहवाल वेळेत गेला, त्यात हा प्रश्न नवव्या पानावर होता. अहवाल चांगला झाला म्हणून माझं कौतुकही झालं. नंतर मी पुढच्या गावाला गेले, तिथून त्याच्या पुढच्या.

सव्वा वर्षानं चर खणायचं मशीन आलं. विहिरीची एक बाजू ढासळली. गावानं काम बंद पाडलं आणि समजूत काढायला मला पाठवलं. माझी शिव्या खायची तयारी होती. आजी ओरडल्या नाहीत. विहिरीच्या काठावर उकिडव्या बसून होत्या, माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "त्यादिशी लिवून घेतलंस की गं बाई. मग त्ये गेलं कुठं?"

नंतर मी अभियंत्यांना विचारलं. ते म्हणाले, आधी कळलं असतं तर ओळ वीस फूट सरकवली असती. नकाशा तोवर दोन-तीनदा बदलला होताच, कारणं वेगळी होती इतकंच. म्हणजे प्रश्न अवघड नव्हता आणि कुणाची आडकाठीही नव्हती. उत्तर विचारायला मी गेले नाही, आणि सांगायला परत फिरकले नाही.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. लोकांपर्यंत पहिल्यांदा जाणं कुणालाही जमतं. दुसऱ्यांदा जाणं हे आमच्या धंद्यातलं खरं कसब आहे, आणि नेमकं तेच कुठल्याही वर्गात शिकवलं जात नाही.

आपण म्हणाल, लोकसहभागाचा धडा अभ्यासक्रमात आहे. हो, आहे. शेरी अर्नस्टाईन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये मांडलेली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मुलांना पाठ असते. लोकसहभागावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पाच टप्पेही पाठ असतात: माहिती देणं, मत विचारणं, सामील करून घेणं, सोबत बसून ठरवणं आणि निर्णय लोकांच्या हाती देणं. पण या पाच टप्प्यांतल्या प्रत्येकासमोर लोकांना द्यायचं एक वचन लिहिलेलं आहे, तिकडं आपण मुलांचं लक्ष वेधत नाही. दुसऱ्याच टप्प्याचं, म्हणजे नुसतं मत विचारण्याचं वचन काय आहे? तुमचं म्हणणं ऐकून घेऊ आणि त्याचा निर्णयावर काय परिणाम झाला ते तुम्हाला कळवू. म्हणजे परत जाणं ही वरच्या टप्प्यावरची चैन नाही, खालून दुसऱ्याच टप्प्यावरची अट आहे.

आपले कायदेही हेच सांगतात. पर्यावरणविषयक जनसुनावणीची पद्धत २००६ च्या अधिसूचनेत दिली आहे. सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यायची, पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, आणि सुनावणी संपताना लोकांनी काय म्हटलं त्याचा गोषवारा तिथं जमलेल्यांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचा, मगच सह्या. वाचून दाखवायचा! ज्यानं हे लिहिलं त्याला माणसांची जाण होती. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं चौथं कलम सांगतं की माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात जी पद्धत सर्वांत परिणामकारक असेल त्या पद्धतीनं पोचवावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, त्याची जनसुनावणी आली, तो अहवाल स्थानिक भाषेत गावात उपलब्ध करणं आलं. कायदा पुढं गेला आहे. तो पाळायला लागणारी माणसं मात्र आपण तयार करत नाही. वाचून दाखवायचा गोषवारा कसा लिहावा, तो शंभर चिडलेल्या माणसांसमोर कसा वाचावा, मधेच कुणी "मी असं म्हटलंच नव्हतं" असं उठून सांगितलं तर काय करावं, याचा एक तरी तास कुठं होतो का?

शब्दांबद्दल थोडं बोलते, कारण भाषा हेच आपलं हत्यार आहे. एका पत्रकात मी स्वतः 'भागधारकांची बैठक' असं छापलं होतं. इंग्रजी कागदातल्या 'स्टेकहोल्डर'चं भाषांतर तसंच करायची पद्धत होती. बैठकीला जमीनदार शेतकरी झाडून आले. वाट्यानं शेती करणारे, मजूर, नदीकाठचे कुंभार यांपैकी कुणीच आलं नाही. आठवड्यानं एकाला विचारलं तर तो म्हणाला, "आमचा कुठं शेअर हाय कारखान्याचा?" ज्या जिल्ह्यात घरटी कुणी ना कुणी साखर कारखान्याचा नाहीतर दूध संस्थेचा सभासद आहे, तिथं भागधारक या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. तो मला माहीत होता, कारण माझे वडीलही सभासद होते. तरी कागदावर लिहिताना मी माझं गाव विसरले. आता मी 'ज्यांच्यावर या कामाचा परिणाम होणार आहे असे सर्व' असं लिहिते. लांबतं, पण माणसं येतात.

महापुराचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेलेलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात प्रत्येक मोबाइलवर येतात. पण नदीकाठचा माणूस फुटांत विचार करत नाही. पाणी सुतारवाड्यात शिरलं, पाणी जामदार क्लबपर्यंत आलं, ही त्याची मोजपट्टी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कित्येक घरांत माणसं थांबून राहिली होती, कारण "२००५ ला आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं." त्यांच्या डोक्यातली खूण २००५ च्या पुराची होती आणि आपला संदेश फुटांत होता. दुसरी गोष्ट जनावरांची. चिखली, आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत घर सोडायला नकार का मिळतो, हे एक संध्याकाळ गोठ्यात बसून ऐकलं तरी कळतं. "आमी येतो वो, म्हसरं कुठं न्यायची?" स्थलांतर करावे, या दोन शब्दांच्या आधी जनावरांची छावणी कुठं आहे आणि चारा कोण देणार हे सांगायला हवं होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पहिल्या आणि दुसऱ्या पुरामध्ये जवळपास दोन वर्षं होती. या दोन वर्षांत गावोगाव जाऊन, मागच्या वेळी आमचा कुठला निरोप तुम्हाला कळला आणि कुठला कळला नाही, एवढंच विचारणारी शंभर प्रशिक्षित मुलं आपल्याकडं असती तर? जनसंवाद शिकणारी मुलं तेव्हाही या शहरात होतीच. ती वर्गात प्रसिद्धिपत्रकाचा नमुना लिहीत होती.

कोल्हापूर बोलणारं शहर आहे. इथं तालमीत, कट्ट्यावर, मिसळीच्या टेबलावर प्रत्येक प्रश्नाचा निकाल लागतो. टोलच्या प्रश्नावर हे शहर रस्त्यावर उतरलं आणि टोल रद्द झाल्यावरच थांबलं. मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरच्या, १२ जिल्ह्यांतून जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी आली, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी २०२४ पासून गावोगाव सभा घेतल्या. अशा वेळी संवाद क्षेत्रातली माणसं एकतर सरकारच्या बाजूनं पत्रकं लिहिताना दिसतात किंवा आंदोलनाच्या बाजूनं. दोन्हीकडचं म्हणणं न मोडता, न वाकवता एका टेबलावर आणून ठेवणारी माणसं मला क्वचितच दिसली. तो पेशाही आहे आणि त्याची गरजही आहे.

मग नेमकं काय शिकवावं? माझ्या अनुभवातून सांगते, क्रम तुम्ही लावा.

वेळ ओळखायला शिकवा. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या माणसाला सकाळी अकराची बैठक म्हणजे बैठक नसल्यासारखीच. राधानगरी-शाहूवाडीकडं भाताच्या रोपलागणीत कुणी तुमचं ऐकायला मोकळं नसतं, ऊसतोड सुरू झाली की शिरोळ-हातकणंगल्यात तेच. गावातल्या बायकांना भेटायची सगळ्यांत चांगली जागा डेअरी, आणि वेळ सकाळ-संध्याकाळ दूध घालायची. त्या रांगेत पंधरा मिनिटांत जे कळतं ते ग्रामसभेच्या तीन तासांत कळत नाही. ग्रामसभेला बायका येतात, पण बोलतात कमी.

जसंच्या तसं लिहायला शिकवा. हे वाटतं तेवढं सोपं नाही. एका विद्यार्थ्याला मी बैठकीला नेलं होतं. एक शेतकरी म्हणाला, "रस्ता करा, आमची ना न्हाई, पण माझ्या शेताची पाणंद तोडू नका." पोरानं वहीत लिहिलं, 'ग्रामस्थांचा प्रकल्पाला विरोध.' बातमीची सवय लागलेला हात असाच लिहितो. ती पाणंद कुठं आहे, किती रुंद आहे, तिच्यावरून बैलगाडी जाते की ट्रॅक्टर, हे विचारलं असतं तर प्रश्न तिथंच सुटला असता. 'विरोध' असं लिहिल्यावर तो सुटायचा मार्गच बंद होतो.

तो चार चौकोनांचा तक्ता शिकवताना जपा. कुणाची ताकद किती आणि कुणाचा संबंध किती, अशी मांडणी करून माणसं चौकोनांत बसवायची. ताकदवान असेल त्याला सांभाळा, ताकद कमी आणि संबंध जास्त असेल त्याला माहिती देत राहा. माझ्या आजी या तक्त्यात कुठं बसल्या असत्या? माहिती देत राहा, या चौकोनात. माझ्या मते कमी ताकद आणि जास्त नुकसान असलेलं माणूस पहिल्या चौकोनात असलं पाहिजे. कारण त्याचं म्हणणं तुमच्यापर्यंत आपणहून पोचत नाही, तुम्हालाच जावं लागतं. सरपंचांना फोन करून बोलवावं लागत नाही.

'नाही' सांगायला शिकवा. परत न जाण्याचं खरं कारण आळस नसतो. पुष्कळदा उत्तर नकाराचं असतं आणि ते तोंडावर सांगायची हिंमत नसते. एका वस्तीनं भुयारी मार्ग मागितला होता, तो मंजूर होणार नव्हता. विहिरीच्या प्रसंगानंतरची गोष्ट आहे, म्हणून मी गेले. नाही म्हणून सांगितलं, का नाही ते नकाशा पसरून दाखवलं, आणि त्याऐवजी काय होऊ शकतं तेही सांगितलं. लोक चिडले. दीड तास बोलले. शेवटी एकानं चहा सांगितला आणि म्हणाला, "न्हाई म्हणायला तरी कोण आलंया." त्या वस्तीत पुढं काम एकदाही अडलं नाही.

आणि एक गोष्ट तर पहिल्या तासालाच शिकवा: हजेरीच्या सह्या म्हणजे संमती नव्हे. नव्या मुलीला पहिल्याच नोकरीत सांगितलं जातं, बैठक घे आणि सह्यांचा कागद आण. तो कागद पुढं कुठल्या फायलीत कशाचा पुरावा म्हणून लागतो हे तिला कुणी सांगत नाही. भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के लोकांची पूर्वसंमती लागते. ती घ्यायची पद्धत वेगळी आहे, तिचा कागद वेगळा आहे. आमच्याकडं आता प्रत्येक हजेरीपत्रकाच्या माथ्यावर ठळक छापतो, 'ही फक्त उपस्थितीची नोंद आहे.' हे छापायचा आग्रह धरला म्हणून माझी एकदा कानउघाडणीही झाली. विद्यार्थ्यांना हे सांगा, कारण पगार देणारा आणि परिणाम भोगणारा यांच्यामध्ये उभं राहायची वेळ त्यांच्यावर येणारच आहे. त्या वेळी पाय कुठं रोवायचा हे आधी ठरलेलं असलं तर निभावतं.

यासाठी नवा विषय सुरू करायची परवानगी मागत बसावं लागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार फील्ड प्रोजेक्ट आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक आहेतच. आज त्यात बहुतेकदा एक भेट, दहा फोटो आणि वीस पानी अहवाल एवढंच होतं. माझं मागणं साधं आहे. निम्मे गुण दुसऱ्या भेटीला ठेवा. मुलांनी लोकांचे प्रश्न लिहून घ्यावेत, उत्तर ज्याच्याकडं असेल त्या कार्यालयात जावं, मिळालेलं उत्तर घेऊन त्याच माणसाकडं परत जावं आणि तो काय म्हणाला ते लिहावं. उत्तर मिळालं नाही, तर मिळालं नाही असं जाऊन सांगावं. तपासणाऱ्यांनी अहवालाची बांधणी बघण्याआधी गावातल्या दोघांना विचारावं, पोरं परत आली होती का?

विषय तर दाराशी पडले आहेत. १९७२ मध्ये कोल्हापूरची महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. शहर म्हणतं वाढवा, आसपासची गावं म्हणतात नको. निम्मी मुलं उचगाव, पाचगाव, कळंब्यात पाठवा, निम्मी शहरातल्या पेठांत. घरफाळ्याची भीती नेमकी कशाची आहे, जमिनीवर आरक्षण पडेल ही धास्ती कुठून आली, ग्रामपंचायत गेली तर दाखल्यासाठी कुठं जायचं, शहरात निधी आणि जागा यांची अडचण काय आहे, हे त्यांनी आपापल्या बाजूकडून समजून घ्यावं. मग बाजू बदलाव्यात आणि पहिल्या बाजूचं म्हणणं दुसरीकडं जाऊन सांगावं. एका सत्रात मुलं जे शिकतील ते मी दहा वर्षांत शिकले.

शिक्षकांवर आधीच ओझं आहे हे मला माहीत आहे. कित्येक जण तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात तीन-तीन विषय सांभाळतात. त्यांनीच हेही करावं असं मी म्हणणार नाही. निवृत्त मंडल अधिकारी बोलवा, आशाताई बोलवा, दूध संस्थेचे सचिव बोलवा. घरोघरी दुसऱ्यांदा, पाचव्यांदा जाऊन, दार न उघडणाऱ्या घरातल्या बाळाला लस टोचून आणणारी आशा ही या विषयाची या जिल्ह्यातली सर्वांत अनुभवी शिक्षिका आहे. तिला पाहुणी म्हणून हारतुरे नकोत, तासाचं मानधन द्या आणि तिच्या हातात गुण ठेवा.

नोकरीत असलेल्या आमच्यासारख्यांसाठीही शनिवार-रविवारचा छोटा वर्ग काढा. पालिका, कारखाने, दवाखाने, संस्था यांत काम करणारी माणसं त्यात येतील. अट एकच, प्रत्येकानं स्वतःच्या कामातला एक फसलेला प्रसंग घेऊन यायचा, कार्यालयाचं नाव न घेता. यशाच्या गोष्टी आम्ही पुरस्कारांच्या समारंभात ऐकतोच.

मी दर शनिवारी यायला तयार आहे, मानधन नको. पहिल्या तुकडीला त्या विहिरीच्या गावात नेईन. आजी आता नाहीत. विहीर बांधून दिली, पण ती त्यांनी बघितली नाही. त्यांच्या सुनेशी मी बोलून ठेवलं आहे. ती म्हणाली, पोरांना घेऊन या, पण संध्याकाळी सातनंतर, डेअरीला दूध घालून झाल्यावर. आणि तिनं एक विचारलं आहे, विहिरीच्या नव्या कठड्याला जी भेग पडली आहे ती कुणाला दाखवायची. ते विचारून मी पुढच्या मंगळवारी तिच्याकडं जाणार आहे. आपल्यापैकी कुणी सोबत येणार असेल तर कळवावं.

आपली विश्वासू,
जनसंपर्काच्या कामातली एक कोल्हापूरकर